चुकांच्या वहीतलं एक पान

फळ्यावर लिहिलेलं दुसऱ्या दिवशी पुसलं जातं, आणि त्याचं मूल्यमापन करायचं काम माझ्याकडे होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी जुन्नरच्या एका लहान संस्थेत नोकरीला होतो. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या नऊ गावांत आम्ही चौकात किंवा देवळाच्या भिंतीला एकेक मोठा काळा फळा लावला होता. गावातल्याच एका माणसानं त्यावर रोज सकाळी गावाच्या कामाच्या बातम्या खडूनं लिहायच्या. कॅनॉलला पाणी कधी सुटणार, रेशनला रॉकेल आलं का, पोलिओचा डोस कुठं पाजणार, कोणाचा दहावा कधी. निमगाव सावाच्या बाजूपासून पश्चिमेला घाटघरपर्यंत आणि आंबेगावात आहुप्यापर्यंत आमचे फळे होते. घाटघरला पावसाळ्याचे चार महिने फळा ओलाच असायचा, खडू उमटायचा नाही. तिथला आमचा माणूस बातमी ओरडून सांगायचा आणि आमच्या नोंदवहीत 'लिहिली' अशी खूण करायचा. मला ते माहीत होतं. मी त्याला काही म्हटलं नाही, कारण महिन्याच्या तक्त्यात ती खूण मलाच हवी असायची.

प्रकल्पाला मदत करणारी पुण्याची संस्था दोन वर्षं असल्या खुणांवर समाधानी होती. तिसऱ्या वर्षी तिथं नवीन मॅडम आल्या. त्यांचं म्हणणं असं, की किती दिवस लिहिलं, किती जणांनी वाचलं हे मोजून काही कळत नाही. लिहिणाऱ्यांचं काय चुकलं, त्यातून ते काय शिकले आणि मग काय बदललं, ते सांगा. याला त्या शिकण्यावर आधारलेलं मूल्यमापन म्हणत. मला ते मनापासून पटलं. आजही पटतं. दोष त्या विचारात नव्हता.

पहिल्या बैठकीत मी सगळ्या फळालेखकांना गोल बसवलं आणि विचारलं, "या कामातून तुम्ही काय शिकलात?"

एकानं सांगितलं, "सातवी पास."

दुसरा म्हणाला, "मी नववी. पण गणितात गेलो."

गोल तसाच पुढं सरकत गेला. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आमी कुठं शिकलो भाऊ, आमच्या टायमाला शाळा व्हती का गावात?" मी ते सगळं आधी निमूट लिहून घेतलं आणि मग माझ्या लक्षात आलं. शिकणं म्हणजे शाळेत जाणं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ तिथं चालू होता.

म्हणून मी प्रश्न बदलला. प्रत्येकाला शंभर पानी वही दिली आणि सांगितलं, फळ्याच्या कामात तुमच्याकडून जी चूक होईल ती हिच्यात लिहा. चूक कशी झाली, मग तुम्ही काय केलं, तेही लिहा. वही तुमची. माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. हे वाक्य मी नऊ गावांत नऊ वेळा म्हटलं.

महिन्यानं वह्या पाहिल्या. नऊपैकी सात वह्यांत पहिल्या पानावर एकच ओळ होती: 'चुकलं माकलं असल्यास क्षमा असावी.' पुढं कोरं. लग्नपत्रिकेच्या शेवटी लिहितात तशी ती ओळ लिहून त्यांनी काम संपवलं होतं. आठवी वही घाटघरची, ती भिजली होती. नववी वही मात्र भरायला लागली होती.

ती निमगाव सावाच्या बाजूच्या एका गावातली होती. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांची वही होती त्यांना मी ताई म्हणायचो. त्या तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांच्या असतील, माझ्याहून लहान. दहावीपर्यंत शिकलेल्या, अक्षर सुरेख. घर धनगराचं. पूर्वी सगळं घर मेंढरांमागं कोकणात उतरायचं. आता थोडी शेती होती आणि तीस-चाळीस मेंढरं उरली होती, ती सासरे सांभाळायचे. सासऱ्यांना सगळं गाव तात्या म्हणे. सुनेनं चौकात उभं राहून फळ्यावर लिहायचं हे तात्यांनी कसं मान्य केलं, याचं मला आश्चर्य वाटायचं. ताई म्हणाल्या होत्या, "तात्यांना लिवता येत न्हाई. पण फळ्याम्होरं उभं ऱ्हाऊन म्हंत्यात, हे आमच्या सुनंचं अक्षर. एवढंच एक काम हाय भाऊ, जे माझ्या नावावर हाय. बाकी सगळं घराच्या नावावर."

त्यांच्या वहीतली पहिली चूक आमच्या सगळ्या प्रकल्पात गाजली. गावातले एक मोठे बागाईतदार, त्यांना नाना म्हणत. नानांनी आपल्या मयत थोरल्या भावाच्या स्मरणार्थ शाळेला पाण्याची टाकी दिली. तशी चिठ्ठी ताईंकडं आली आणि ताईंनी ती फळ्यावर उतरवताना श्री. आणि कै. यांची अदलाबदल केली. भाऊ श्रीयुत झाले आणि नाना कैलासवासी. नाना त्या दिवशी आळेफाट्याला गेले होते. परत आले तेव्हा ओट्यावर माणसं टोप्या काढून बसलेली, आणि एक पाव्हणा त्यांनाच विचारतो, "कधी झालं वो?"

ताई दोन दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नाना स्वतः फळ्याजवळ आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं पोरी, जित्या माणसाच्या मरणाची बातमी उठली तर त्याचं आयुष्य वाढतं. तू माझी धा वर्सं वाढीवली. आता त्या टाकीवर तरी बरोबर लिव म्हंजी झालं." माणसं हसली आणि विषय मिटला. ताईंनी मग आपला एक नियम केला. चिठ्ठी आणणाऱ्यानं ती आधी मोठ्यानं वाचायची, ताईंनी ऐकायची आणि मगच लिहायची. ज्याला वाचता येत नसे त्याला त्या स्वतः वाचून दाखवीत. हे त्यांनी वहीत लिहिलं होतं, आणि त्यांची परवानगी घेऊन मी ते पुण्याला कळवलं. मॅडमचा आनंदानं फोन आला. नेमकं हेच हवं होतं, असं त्या म्हणाल्या. तो नियम मी बाकीच्या आठ गावांत लावला.

त्या फोनची मला चटक लागली. मी कुठल्याही गावात गेलो की आधी वही मागायचो. फळा बघायचोही नाही. कोणी खाडाखोडीची, काना-मात्रेची चूक लिहिलेली असली की माझा चेहरा पडायचा आणि तो माझा पडलेला चेहरा समोरच्याला दिसायचा.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर मला ताईंच्या फळ्यावर एक नवीन गोष्ट दिसली. उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, रोज वेळ लिहिलेली असायची. 'स. ७ वा.' कधी 'दु. १२ वा.' फळ्याला तारीख असते, वेळ कोणी लिहीत नाही. मी विचारलं, "ताई, ही वेळ कशाला?"

"असंच. कधी लिवलं ते माणसाला कळावं."

"पण एकदम कसं सुचलं?"

"सुचलं," त्या म्हणाल्या आणि डस्टर आपटायला लागल्या.

काहीतरी आहे, हे मला तेव्हाच कळलं. चौकशी न करता गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. त्याच हिवाळ्यात पुण्याहून मॅडम येणार होत्या, प्रकल्प आणखी तीन वर्षं चालवायचा की नाही ते ठरणार होतं, आणि चुकांच्या वहीवर एक पुस्तिका काढायचं त्यांच्या मनात होतं. मी पुन्हा नऊ गावांत फिरलो. ताईंना म्हणालो, "बारीकसारीक नको. एखादी मोठी चूक असेल ती लिहा. जिच्यातून खरंच काही बदललं अशी." हे माझे शब्द. मला ते चांगले आठवतात.

पंधरा दिवसांनी ताईंनी वही दिली. म्हणाल्या, "घरी जाऊन वाचा. हितं नको."

मी जुन्नरला खोलीवर येऊन वाचली. दीड पान होतं. उन्हाळ्याच्या शेवटी जनावरांच्या दवाखान्यातून दुधाच्या गाडीबरोबर चिठ्ठी आली होती, की उद्या सकाळी मारुतीच्या देवळापाशी मेंढरांना आंत्रविषाराची लस टोचणार. पावसाळ्याआधीची ही लस मेंढरंवाल्यांना फार मोलाची. कोवळं गवत आलं की हा रोग येतो आणि चांगली धष्टपुष्ट मेंढी उभ्या उभ्या मरते. चिठ्ठी संध्याकाळी घरी आली. तात्यांनी ती ताईंकडून वाचून घेतली आणि म्हणाले, "लस थोडीच येती. आधी आपली मेंढरं टोचून हू दे, मंग लिव फळ्यावर." ताई सकाळी फळ्याकडं गेल्या नाहीत. दुपारी गेल्या. मेंढरं असलेली बाकीची दोन घरं चौकाजवळच होती, त्यांना डॉक्टरांची गाडी दिसली. राहिले ते तात्यांचे चुलतभाऊ. ते रोज सकाळी चौकात चहा पिऊन, कोणाकडून तरी फळा वाचून घेऊन, मग मेंढरं नदीपलीकडं न्यायचे. त्या सकाळी फळ्यावर आदल्या दिवशीचंच लिखाण होतं. दुपारपर्यंत लस संपली. पावसाळ्यात चुलतभावांची सात मेंढरं मेली. ते डॉक्टरांना शिव्या देत राहिले, की न कळवता येतात. फळ्यावर बातमी होतीच, पण ती कधी लिहिली ते कोणाला आठवायचं कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती पुसली होती.

शेवटी ताईंनी लिहिलं होतं: 'चूक माझी आहे. खडू माझ्या हातात होता. तेव्हापासून मी फळ्यावर वेळ टाकते, म्हणजे मला उशीर करता येणार नाही.'

हे वाचून माझे डोळे भरून आले, हे खरं आहे. आणि त्याच मिनिटाला माझ्या मनात आलं की पुस्तिकेला याच्यापेक्षा चांगलं काही मिळणार नाही, हेही तितकंच खरं आहे.

मॅडम आल्या तेव्हा बैठक ताईंच्याच गावात ठेवली होती, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात, दुपारी. तीस-चाळीस माणसं. पुढं नाना, तात्या आणि तात्यांचे चुलतभाऊ. चुलतभावांना अण्णा म्हणत. बायका खांबापलीकडं, त्यांच्यात ताई. मॅडम साध्या, हसतमुख होत्या. नानांची मरणाची गोष्ट त्यांनी नानांच्याच तोंडून ऐकली आणि पोट धरून हसल्या. सगळं फार छान चाललं होतं. मग त्यांनी चौकातल्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेल्या वेळेविषयी विचारलं, "ही कल्पना कुठून आली?"

मी वही काढली.

आदल्या रात्रीच मी एक कागद तयार करून तिच्यात ठेवला होता. त्यावर ताईंचा मजकूर उतरवून घेतला होता, त्यातलं 'मी' काढून 'एक फळालेखिका' केलं होतं, 'सासरे' काढून 'घरातील ज्येष्ठ' केलं होतं, 'चुलतसासरे' काढून 'एक मेंढपाळ'. नाव कोणाचंच नव्हतं. माझ्या हिशेबी मी गुप्तता पाळली होती. एक फळा, एक लिहिणारी आणि चार मेंढरंवाली घरं असलेल्या गावात उभा राहून मी ते वाचलं. ताईंना आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाल्या असत्या, म्हणूनच विचारलं नाही.

वाचता वाचता मंडप शांत होत गेला. मला वाटलं, माणसं हेलावली आहेत. मी आवाज आणखी हळवा केला. 'सात मेंढरं' म्हटलं तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "म्हंजी तात्या की!" आणि एक जण हसला, आणि लगेच गप्प झाला.

अण्णा जागेवरूनच म्हणाले, "तात्या, खरं हाय का हे?"

तात्या जमिनीकडं बघत होते.

"मी डॉक्टरला आयमाय काढून बोललो. दवाखान्यात जाऊन बोललो. तू शेजारी व्हता तवा. तू म्हणला, सरकारी माणसं अशीच. म्हणला का न्हाई?"

"अण्णा, पावण्यांम्होरं नको," नाना म्हणाले.

"पावण्यांनीच तर सांगितलं! भावानं सांगितलं न्हाई, पावण्यांनी सांगितलं."

तात्यांनी मान वर केली आणि खांबापलीकडं बघितलं. "सूनबाई, काय लिवलंयस गं तू?"

ताई उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. त्यांचा आवाज अगदी स्वच्छ आला.

"खोटं हाय ते. भाऊ म्हणले, पुण्याची माणसं यायचीत, बारकी चूक चालत न्हाई, मोठी चूक पायजे. माझ्याकडं मोठी चूक नव्हती. म्हणून म्या बनवून लिवली."

मंडपात एकदम कुजबुज झाली. मॅडमनी माझ्याकडं वळून, हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "तुम्ही यांना असं म्हणाला होता? मोठी चूक हवी म्हणून?"

ताई माझ्याकडं बघत होत्या. रागानं बघत नव्हत्या. बैलगाडीतलं पोतं एकटीला उतरत नसलं की बाई रस्त्यानं जाणाऱ्याकडं बघते, तसं बघत होत्या. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. आणि ते अर्धं खरंच होतं, मी तसं म्हणालो होतो. 'हो, माझ्यामुळं त्यांनी हे बनवून लिहिलं, दोष माझा.' एवढं म्हटलं असतं तर सगळं गाव मला हसलं असतं, पुस्तिका बारगळली असती, कदाचित प्रकल्पही गेला असता. तात्या आणि अण्णा एकत्र घरी गेले असते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताई फळ्यावर लिहायला आल्या असत्या.

मी म्हणालो, "नाही मॅडम. मी असं कधीच म्हटलं नाही. वहीत जे आहे ते त्यांनी स्वतःहून लिहिलं आहे. अक्षर त्यांचंच आहे, पाहा."

आणि मी वही उघडून मॅडमच्या हातात दिली.

अण्णा उठले, त्यांच्यामागं त्यांचे दोन्ही मुलगे उठले. देवळाच्या पायरीवर चपला घालताना अण्णांना त्यांची चप्पल सापडेना, आणि सगळे त्यांचं शोधणं बघत बसले. मग चप्पल सापडली आणि अण्णा गेले. ताई खाली बसल्या होत्या. पुढं कार्यक्रम चालू राहिला. चहा आला. मॅडमनी तो घेतला, मीही घेतला.

त्या दिवशी त्या देवळात दोन माणसं खोटं बोलली. ताई बोलल्या त्या घर वाचवायला, आणि त्यात स्वतःला खोटारडी ठरवून घ्यायची त्यांची तयारी होती. मी कशासाठी बोललो ते सांगायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी फळा कोरा होता. तात्यांनी सुनेला काही मारझोड केली नाही की शिवी दिली नाही. एवढंच म्हणाले, "बास झालं लिवणं." खडूची पेटी त्यांनी ग्रामपंचायतीच्या शिपायाकडं पोचती केली. शिपाई घरपट्टीची थकबाकी लिहायचा आणि ती महिना महिना पुसायचा नाही. मी आठवड्यानं गेलो तेव्हा तात्या दारातच म्हणाले, "या भाऊ, बसा. पाणी प्या. पण त्या कामाचं बोलू नका." ताई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, खाली ठेवून आत गेल्या. दोन्ही घरांचं जाणंयेणं बंद झालं होतं. अण्णांच्या घरी लग्न होतं, त्याची पत्रिका अख्ख्या गावाला गेली, तात्यांकडं आली नाही.

प्रकल्प आणखी तीन वर्षं मिळाला. पुस्तिका निघाली. मॅडमनी मला विचारलं होतं, की शेवटी ती गोष्ट खरी की बनवलेली? मी म्हणालो, खरी. त्यांनी ती नाव-गाव गाळून छापली. 'फळालेखिकेचं पुढं काय झालं' असा प्रश्न त्या पुस्तिकेत कुठं नव्हता, आणि मीही तो घातला नाही. अहवालात मी लिहिलं, 'वैयक्तिक कारणास्तव लेखिका बदलली.' शिकण्याच्या अहवालातलं ते माझं वाक्य. पुढं इतर संस्था मला बोलवायला लागल्या. मी नानांची गोष्ट सांगायचो, माणसं हसायची. मेंढरांची गोष्ट सांगायचो, माणसं गंभीर व्हायची. देवळात काय झालं ते कधी सांगितलं नाही.

एकाच माणसानं मला अडवलं. आहुप्याचे आमचे फळालेखक, वयानं मोठे, फार कमी बोलणारे. त्यांच्या वहीत 'चुकलं माकलं'च्या पुढं दोन वर्षं एक अक्षर आलं नव्हतं. एकदा मी चिडून म्हणालो, "बाबा, तुमच्याकडून कधी काही चुकतच नाही का?"

"चुकतं की. लई चुकतं."

"मग लिहीत का नाही?"

"वही तुमी कुठं ठेवता?"

"माझ्याकडं. जुन्नरला."

ते गावामागच्या देवराईकडं हात करून म्हणाले, "थितलं वाळलेलं लाकूड बी आमी घरला नेत न्हाई. पडलं तर थितंच कुजतं. त्यातनंच राई व्हती." मी मान डोलावली आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठलो. त्या बोलण्याचा अर्थ मला त्या दिवशीच कळला होता. नंतर कळला असं म्हणालो तर तेही खोटं होईल.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी मी ती नोकरी सोडली. आणखी तीन-चार वर्षं गेली असतील. माझा एक मित्र शेळ्या घ्यायला बेल्ह्याच्या बाजारात निघाला होता, त्याच्याबरोबर मी गेलो. मेंढरांच्या बाजूला ताई दिसल्या. बरोबर त्यांचे यजमान होते. केस थोडे पांढरे झाले होते, पण मी लगेच ओळखलं. टाळून पुढं जायला वाव होता. मित्र पुढं गेला. मी थांबलो.

"काय भाऊ, बरं हाय का?" त्याच आधी बोलल्या.

तात्या वारल्याचं त्यांनी सांगितलं. मी चाचरत विचारलं, "अण्णांचं आणि तुमचं...?"

"ते मिटलं की. कवाच मिटलं." ताई म्हणाल्या. "पुढल्या साली मेंढ्या व्याल्यावर तात्यांनी सात कोकरं निवडली. सगळ्या माद्या. सकाळच्या पारी नेऊन अण्णांच्या वाघुरीत सोडली आणि माघारी आलं. बोललं काय न्हाई. अण्णा बी काय बोललं न्हाई. संध्याकाळी अण्णांची मालकीण खरवस घिऊन आली. झालं."

वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. मी ते सगळं समोर बघू शकत होतो. कोणी काही वाचून दाखवलं नव्हतं, कोणी काही विचारलं नव्हतं. अण्णांची सात मेंढरं फिटली होती, आणि माझ्या मूल्यमापनात त्याला कुठं रकाना नव्हता.

"मग तुम्ही परत फळा...?"

ताईंचा चेहरा बदलला. यजमान म्हणाले, "फळा आता कुठं राहिला. मोबाईलवाल्यांनी भिंत रंगवली." ते हसले. ताई हसल्या नाहीत.

"फळा नंतर गेला," त्या म्हणाल्या. "मधी पाच वर्सं व्हता. मिटल्यावर म्या तात्यांना इचारलं, लिवू का आता? तात्या म्हणलं, कोकरं देऊन मेंढरं फिटली, पण तू देवळात उभं ऱ्हाऊन खोटं लिवती म्हणली. तुझं तूच म्हणली. आता तू लिवलेलं कोण वाचल?" त्या थांबल्या. "ते बरोबरच व्हतं की. पाणी सुटणार म्हणून लिवलं आन् लोकं म्हणली, बनवून लिवलं आसंल, तर?"

ताईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"तुमी तेवढं व्हय म्हणला असता भाऊ, तर ते माझ्यावर आलं नसतं. तुमच्यावर आलं असतं. तुमी काय, संध्याकाळच्या गाडीनं जाणार व्हता."

इतक्या वर्षांत मी मनात अनेकदा माफी तयार केली होती. त्यातलं एकही वाक्य मला त्या वेळी आठवलं नाही. मी त्यांच्या यजमानांकडं वळून म्हणालो, "मी म्हणालो होतो. मोठी चूक लिहा, असं मीच म्हणालो होतो यांना. देवळात मी खोटं बोललो."

यजमानांनी माझ्याकडं बघितलं, मग ताईंकडं. "तिनं मला तवाच सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "मला सांगून काय उपेग, भाऊ? गावाला सांगायचं व्हतं."

"गावात येऊन सांगतो. आता सांगतो."

"आता?" ताई म्हणाल्या. "आता कोणाला सांगता? तात्या गेलं, अण्णा आथरुणाला खिळल्यात. पोरं इचारतील, कसला फळा?"

तेवढ्यात मेंढरंवाल्यानं दाव्याला धरून एक मेंढी पुढं आणली आणि भाव सांगायला लागला. ताईंनी वाकून मेंढीच्या पाठीवर कण्याच्या दोन्ही बाजूंना अंगठे दाबून पाहिले, तिचं तोंड उघडून दात पाहिले. मी बाजूला सरलो, कारण मी त्यांच्या वाटेत उभा होतो.

"ही न्हाई," त्या यजमानांना म्हणाल्या. "म्हातारी हाय. पुढं बघू."